सावलीतला पाला, झाकणाखालचा चहा

उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, नाहीतर गच्चीवर खाटा टाकायच्या, वर जुनी सुती साडी पसरायची आणि बिबडे, पापड, कुरडया वाळवायच्या, हे खानदेशातल्या घराला शिकवावं लागत नाही. चहासाठी पाला वाळवणं हे त्याच कामाचं धाकटं भावंड. खाट तीच, साडी तीच, उलथापालथही तीच. फरक एकच, आणि तो न पाळल्यामुळे बहुतेकांचा पाला फुकट जातो. बिबड्याला ऊन लागतं. पाल्याला ऊन चालत नाही.

पानाचा वास म्हणजे त्यातलं उडून जाणारं तेल. तुळस, पुदिना, गवती चहा यांच्या पानांत हे तेल बारीक बारीक पिशव्यांत साठलेलं असतं. उन्हात पान तापलं की पाण्याबरोबर तेलही उडतं, वर हिरवा रंग विटून पिवळट होतो. मागे उरतो तो कडबा. असा पाला कितीही मुरवला तरी कपात वाळल्या गवताचीच चव उतरते. म्हणून या चहाचं निम्म्याहून जास्त यश गॅसवर पातेलं चढायच्या आधीच ठरलेलं असतं.

नावाचं एक सांगून पुढे जाऊ. याला चहा म्हणायचं ते सवयीने. खऱ्या चहाच्या झाडाचं एकही पान यात नसतं, त्यामुळे कॅफीनही नसतं. दिवसाला सहा-सात कप दुधाचा चहा पिणाऱ्याने तो एकदम बंद करून हा सुरू केला, तर पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखतं. तो दोष तुळशीचा नाही, सुटलेल्या कॅफीनचा आहे. एकेक कप कमी करत आलं की हा त्रास होत नाही.

कोणता पाला घ्यायचा

सुरुवातीला चारच पुरे: तुळस, गवती चहा, पुदिना आणि शेवगा. पाचवी लाल अंबाडी. तिची पानं नाही, बोंडावरच्या मांसल लाल पाकळ्या घ्यायच्या. पण आंबट, लालभडक, उन्हाळ्यात गार प्यायला तिच्यासारखं दुसरं काही नाही, म्हणून तिला यादीतून काढता येत नाही.

तुळशीत काळी तिखट, लवंगेच्या वासाकडे झुकणारी, हिरवी सौम्य. चहाला काळी चांगली, मिसळायला हिरवी. अंगणातल्या वृंदावनातली तुळस मात्र ओरबाडू नये. एकादशी-द्वादशीला तिचं पान तोडायचं नाही हा घरोघरचा रिवाज आहेच, शिवाय एका रोपातून महिनाभराचा चहा निघतही नाही. चहासाठी पाच-सहा रोपं वेगळी लावावीत. मंजिरी यायला लागली की वरची वीतभर शेंडी खुडायची. तेव्हा वास भरात असतो आणि खुडलेलं रोप पुन्हा फुटतं. मंजिरी पिकून तपकिरी झाली की रोपाचं लक्ष बियांकडे गेलेलं असतं; पानं लहान, जाड आणि कडवट होतात.

गवती चहा बहुतेक घरांत मोरीच्या पाण्यावर वाढतो आणि तिथे जोमातही दिसतो. पण साबणाचं पाणी ज्या पानांवर उडतं ती पानं प्यायला घेऊ नयेत. एक ठोंब बाजूला, चांगल्या पाण्यावर लावावा. कापताना जमिनीपासून वीतभर वर विळा लावायचा. बुडाशी कापला तर कोंब सडतो. पात्याची कड ब्लेडसारखी असते, म्हणून ओढायचं नाही, मूठ धरून कापायचं.

गवती चहा ओळखताना सातपुड्याच्या बाजूला एक घोटाळा होतो. डोंगरउतारावर रोशा नावाचं गवत असतं, गवती चहाच्याच कुळातलं. खानदेशात पूर्वी त्याचं तेल भट्टी लावून गाळत असत. ते सुगंधी आहे, पण त्याचा वास गुलाबाकडे जातो, लिंबाकडे नाही. पान चुरगळून नाकाशी धरलं की एका क्षणात कळतं. लिंबाचा वास आला नाही तर ते गवत चहाचं नाही.

पुदिना थंडीत घ्यावा. तेव्हा पान रुंद आणि भरलेलं असतं. चैत्र लागला की इथला पुदिना दांड्याच जास्त देतो. शेवग्याची कोवळी हिरवी पानं घ्यायची, पिवळी पडलेली नाही. लाल अंबाडीची बोंडं दिवाळीनंतर, कार्तिक-मार्गशीर्षात तोडतात. पाकळ्या फुगलेल्या आणि कुरकुरीत असताना तोडायची. आतली बोंडी वाळून तडकायला लागली की उशीर झाला.

आता कुठून घ्यायचं नाही ते. कपाशीच्या शेताच्या बांधावरची तुळस, शेवगा किंवा अंबाडी चहाला घेऊ नये. फवाऱ्याचे तुषार वाऱ्यावर बांधापर्यंत येतात, पानावर बसतात आणि धुऊन पूर्ण जात नाहीत. काही औषधं तर पानाच्या आतच शिरतात. केळीच्या बागेच्या कडेचंही तेच. भाजी म्हणून एखादवेळी खाणं वेगळं आणि तोच पाला वाळवून, म्हणजे चार-पाचपट आटवून, रोज पिणं वेगळं. हमरस्त्याच्या कडेचा धुळीने माखलेला पालाही सोडून द्यावा.

तोडणी आणि धुणं

सकाळी दहिवर उडालं की आणि ऊन चढायच्या आत तोडायचं, म्हणजे थंडीत साडेनऊ-दहाच्या सुमारास, उन्हाळ्यात सात-आठला. पान ओलं असताना तोडलं तर वाळायला वेळ लागतो आणि ते काळं पडतं. दुपारी तोडलं तर ते आधीच मलूल असतं. तोडलेला पाला प्लास्टिकच्या पिशवीत दाबून भरायचा नाही. अर्ध्या तासात पिशवीतला पाला आतून गरम लागायला लागतो, आणि तोच पुढे काळा पडतो. पाटी किंवा सैल कापडी पिशवी बरी.

धुवायचं ते वाळवण्याआधी, एकदाच आणि झटपट. मोठ्या घमेल्यात पाणी घेऊन पाला दोनदा बुडवून काढायचा, भिजत ठेवायचा नाही. मग जुडी धरून झटकायची आणि सुती पंचावर पसरून वरून दुसऱ्या पंचाने हलकेच टिपायचं. पानावर पाण्याचा थेंब राहिला तर नेमका तिथे काळा डाग पडतो. चोळायचं, पिळायचं तर अजिबात नाही. पान जिथे चुरगळतं तिथला रस हवेला लागतो आणि चिरलेल्या वांग्यासारखं काळवंडतो.

गवती चहा धुऊन, पुसून मग कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. अख्खी पाती वाळवली तरी चालतात, पण वाळल्यावर ती कापताना चुरा उडतो आणि बोटं कापतात. तुळस-पुदिन्याच्या जाड दांड्या काढून टाकायच्या, कोवळे शेंडे राहू द्यायचे. शेवग्याची बारीक पानं एकेक खुडत बसायची गरज नाही. डहाळ्या रात्रभर कापडात सैल बांधून ठेवल्या की सकाळी झटकल्याबरोबर पानं आपोआप गळतात.

अंबाडीचं काम थोडं किचकट. बोंडाच्या देठाकडची कड सुरीने गोल कापायची आणि आतली हिरवी बोंडी अंगठ्याने वर ढकलायची. लाल पाकळ्यांचा टोप तसाच सुटून येतो. हातांना बारीक कुसं टोचतात, म्हणून आधी थोडं तेल लावलेलं बरं.

वाळवण

इथली हवा या कामाला अशी धार्जिणी आहे की कोकणातल्या माणसाला हेवा वाटावा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत हवेत दमट असं काही नसतंच. जो पाला दुसरीकडे आठवडा घेतो तो इथे दोन-तीन दिवसांत कुरकुरीत होतो. मात्र हीच हवा मे महिन्यात उलटते. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून कितीतरी जास्त होतं आणि सावलीत ठेवलेल्या पाल्याचंही तेल उडतं. पाल्याला हवं ते ३० ते ४० अंश आणि हलती हवा. धाब्याचं जुनं घर असेल तर प्रश्नच नाही. मातीच्या छताखालची खोली या कामासाठीच बांधल्यासारखी असते. स्लॅबच्या घरात उत्तरेकडची खोली, वर पंखा सावकाश, खिडक्या किलकिल्या.

कूलर लावलेल्या खोलीत पाला वाळवायचा नाही. सगळ्यात गार खोली म्हणून हमखास तीच निवडली जाते आणि तिथेच पाला चौथ्या दिवशीही मऊ राहतो, कारण कूलर हवेत पाणीच सोडत असतो.

एप्रिल-मेमध्ये एक सोपी युक्ती आहे. रात्री आठनंतर खाट गच्चीवर न्यायची आणि सूर्य उगवायच्या आत खाली आणायची. ऊन नाही, वारा कोरडा, हवा कोमट. दोन रात्रींत तुळस तयार. थंडीत हे करू नये. रात्री दहिवर पडतं आणि दिवसभराचं वाळवण ओलं होतं.

मांडणी अशी. खाटेवर, म्हणजे विणलेल्या बाजेवर, सुती साडी पसरायची, म्हणजे हवा खालूनही लागते. फरशीवर किंवा प्लास्टिकवर पसरलं तर खालची बाजू घामेजते. पाल्याचा थर एका बोटाच्या जाडीपेक्षा जास्त नको. पहिल्या दिवशी सकाळ-दुपार-संध्याकाळ तीनदा हलक्या हाताने वरखाली करायचा, दुसऱ्या दिवसापासून एकदा पुरे. वाळत आलेला पाला जास्त हाताळला की चुरा होतो. वर मलमल टाकली की धूळ आणि माश्यांची काळजी मिटते.

आणि वास. वाळतं पान आजूबाजूचा वास स्वतःत ओढून घेतं. ज्या दिवशी घरात काळ्या मसाल्यासाठी मिरची, खोबरं, कांदा भाजायचा असेल त्या दिवशी पाला घराच्या दुसऱ्या टोकाला. नंदुरबारकडे मिरची वाळत घालायच्या पथारीच्या वाऱ्यावर ज्यांचं घर आहे त्यांनी मिरचीच्या हंगामात वाळवणाचा नादच सोडावा. नाकात ठसका आणणारा तुळशीचा चहा कुणाला आवडत नाही.

वेळेचा अंदाज: कोरड्या हवेत शेवगा दोन दिवस, तुळस दोन ते तीन, पुदिना तीन, गवती चहा तीन ते चार. थंडीत प्रत्येकाला एक-दोन दिवस जास्त. अंबाडीच्या पाकळ्या जाड असतात, त्यांना पाच-सहा दिवस लागतात. यांच्यात उडून जाणाऱ्या तेलाची भानगड नाही, त्यामुळे त्यांना पहिले दोन दिवस सकाळचं कोवळं ऊन दाखवलं तरी चालतं.

वाळलं कधी म्हणायचं? पान मुठीत दाबलं की आवाज करून चुरा व्हायला हवं आणि दांडी वाकवली की काटकन मोडायला हवी. पान चुरतंय पण दांडी वाकतेय, तर अजून एक दिवस. बहुतेकांची बुरशी इथेच जन्म घेते. पान फसवतं, दांडी खरं सांगते.

किती ओल्याचं किती होतं हे आधी कळलेलं बरं, नाहीतर निराशा होते. १ किलो तुळशीची पानं वाळून २०० ते २५० ग्रॅम उरतात, शेवगाही तेवढाच. गवती चहा थोडा जास्त, २५० ते ३००. पुदिन्यात पाणीच पाणी, त्याचे दीडशे ग्रॅम झाले तरी खूप. अंबाडीच्या १ किलो ओल्या पाकळ्यांचे जेमतेम १०० ते १२५ ग्रॅम होतात. चार माणसांच्या घरात रोज प्रत्येकी एक कप धरला तर दिवसाला ८ ग्रॅम, महिन्याला २४० ग्रॅम लागतात. म्हणजे महिन्याला साधारण १ किलो ओला पाला.

बरणीत भरताना

वाळलेला पाला चुरून भरू नये. पान अख्खं असेपर्यंत तेल आत टिकतं. चुरलं की त्या बारीक पिशव्या फुटतात. चुरायचं ते चहा करताना, कपापुरतं. पाला पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात भरायचा. काचेची बरणी असेल तर ती कपाटात. उजेडात ठेवली तर दोन महिन्यांत पाला पिवळा पडतो. गॅसच्या वरची फळी आणि फ्रिजचा माथा या दोन जागा हाताशी असतात, पण दोन्ही गरम.

पहिले दोन दिवस बरणीकडे लक्ष ठेवायचं. काचेच्या आतल्या बाजूला धूसर ओलावा आला किंवा कुरकुरीत भरलेला पाला लोळागोळा झाला, तर आत ओल राहिली आहे. लगेच काढून आणखी एक दिवस वाळवला तर वाचतो. आठवड्याने कुबट वास आला किंवा पांढरे तंतू दिसले तर मात्र पूर्ण बरणी टाकून द्यायची. वरचं काढून खालचं वापरायचं हे लोणच्यालाही चालत नाही, इथे तर नाहीच.

बरणीवर नाव आणि महिना लिहावा. पुदिना सहा-आठ महिने, तुळस आणि शेवगा नऊ-दहा महिने, गवती चहा आणि अंबाडी वर्षभर. त्यानंतर पाला खराब होतो असं नाही, नुसता मुका होतो. नाकाला काही सांगत नाही.

पाणी आणि भांडं

खानदेशात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो, ते पाणी चहालाही मारक. पानातली चव नीट उतरत नाही, वर तवंग येतो, अंबाडीचा लाल रंग मळकट जांभळा होतो. उपाय: पाणी पाच मिनिटं खळखळ उकळून गार होऊ द्यायचं, पांढरा साका खाली बसला की वरचं निवळ पाणी ओतून घ्यायचं. सगळा जडपणा जात नाही, पण चहापुरता पुष्कळ कमी होतो. नळाचं किंवा फिल्टरचं गोडं पाणी असेल तर ही खटपट नको.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचं. ॲल्युमिनियमचं भगोनं अंबाडीला बिलकूल नको. आंबटपणा धातूला खातो आणि चव कळकते. पितळेचं भांडं कल्हई असेल तरच.

चहा करताना

मूळ माप २०० मिलि पाण्याला २ ग्रॅम वाळलेला पाला. एकदा काट्यावर तोलून बघावं आणि मग चमचा ठरवून टाकावा, कारण पाल्याचा चमचा फसवा असतो. हाताने चुरलेली तुळस किंवा पुदिना असेल तर चहाचे दोन सपाट चमचे, गवती चहाचे तुकडे असतील तर एक मोठा चमचा शीग लावून, हा ढोबळ अंदाज. ताजा पाला वापरायचा तर तिप्पट.

पाणी उकळायला ठेवा. खळखळ उकळी आली की गॅस बंद. मग पाला टाका, एकदा ढवळा आणि लगेच झाकण घाला. झाकण म्हणजे ताटली अर्धवट ठेवणं नव्हे, नीट बसणारं झाकण. पाला मुरत असताना घरभर सुटलेला वास म्हणजे कपातून गेलेला वास. मुरल्यावर झाकण उचलताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पातेल्यातच झटका. वाफेबरोबर वर गेलेलं तेल त्या थेंबांत असतं.

मुरायचा वेळ पानागणिक वेगळा. पुदिना चार-पाच मिनिटं, पुढे गेला की तुरट. तुळस सहा-सात. गवती चहाचं पातं चिवट, त्याला आठ-दहा मिनिटं द्यावीत. तेवढा धीर नसेल तर झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटं आणि गॅस बंद करून चार मिनिटं. अंबाडी पाच-सहा. शेवग्याची गोष्ट उलटी आहे: त्याला उकळतं पाणी नकोच. उकळी आल्यावर गॅस बंद करून चार-पाच मिनिटं उघडं ठेवलेलं पाणी वापरायचं आणि तीन मिनिटांत गाळायचं. नाहीतर कपात शेवग्याच्या भाजीचं पाणी येतं, आणि मग दोष शेवग्याला दिला जातो.

तोरणमाळला, सुमारे ११५० मीटर उंचीवर, पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे प्रत्येक पानाला एक-दोन मिनिटं जास्त दिली की झालं.

पाला पाण्याबरोबर उकळायचा नाही, हे पुन्हा सांगतो, कारण हात सवयीने दुधाच्या चहाच्या वाटेने जातो. उकळून करतात तो काढा, आणि काढा मुळं, साली, सुंठ, मिरी, दालचिनी अशा टणक गोष्टींचा. नुसत्या गरम पाण्यात मुरवतात त्याला आयुर्वेदात फांट म्हणतात, पानाफुलांना तोच. दोन्ही एकत्र हवं असेल, थंडीत तुळस-सुंठ प्यायची असेल, तर क्रम पाळायचा. दोन कप पाण्यात सुंठेचा पाव चमचा आणि चार-पाच ठेचलेल्या मिऱ्या पाच मिनिटं उकळायच्या, गॅस बंद करायचा, मग ४ ग्रॅम तुळस टाकून झाकायचं.

गाळायला नेहमीची गाळणी चालते, शेवग्याला मात्र मलमल लागते. गाळल्यावर पाला पिळू नये. शेवटचे दोन चमचे कडूच निघतात. गोड हवं तर खडीसाखर किंवा गूळ गाळल्यानंतर. मध घालायचा तर चहा कोमट झाल्यावर.

दूध? गवती चहाला चालतं, पण मग तो नेहमीचा चहा पावडर घालूनच करावा. दोन कपांना गवती चहाचे सात-आठ तुकडे पाण्यातच टाकायचे, दूध नंतर. अंबाडीत दूध घातलं तर ते फाटणारच. शेवग्यात आणि पुदिन्यात दूध फाटत नाही, पण पिववतही नाही.

रोजच्यासाठी एक मिश्रण सहसा सगळ्यांना रुचतं: वजनाने तीन भाग गवती चहा, दोन भाग तुळस, एक भाग पुदिना. पुदिना एकापेक्षा वाढवला की बाकीच्यांना बोलू देत नाही. भरताच्या किंवा शेवभाजीच्या जेवणानंतर पुदिना आणि बडीशेप समसमान. बडीशेप आधी खलबत्त्यात अर्धवट ठेचायची, अख्खी टाकली तर तिची चव दाण्यातच राहते. उन्हाळ्यासाठी १ लिटर गार पाण्यात १० ग्रॅम अंबाडीच्या पाकळ्या काचेच्या बरणीत घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायच्या, सकाळी गाळून खडीसाखर. न तापवता केलेल्या या गार अर्काला तुरटपणा फार कमी असतो. माठात मुरवू नये, माठाला रंग आणि आंबटपणा धरतो.

बिघडलं तर

फिका झाला तर आधी पाला वाढवा, वेळ नाही. वेळ वाढवून चव थोडी वाढते, कडवटपणा जास्त. प्रमाण बरोबर असूनही वास नसेल तर पाल्याला ऊन लागलं आहे किंवा तो जुना झाला आहे, आणि त्याला इलाज नाही.

तुळशीचा चहा कडू लागला तर जून पानं, जास्त वेळ किंवा सोबत उकळणं, यांपैकी एक झालं आहे. रंग काळसर आणि चव मातकट असेल तर वाळवताना थर जाड होता, किंवा धुतलेलं पाणी पुसलं गेलं नाही. गवती चहाला हिरवट, ओल्या कुरणासारखा वास येतो तेव्हा तो अर्धवट वाळलेला असतो. पुन्हा एक दिवस पसरला की बहुतेकदा सुधारतो. वर तवंग दिसला तर पाणी जड आहे. अंबाडीचा रंग मळका आला तर चार थेंब लिंबू पिळा, लगेच उजळतो.

आणि रंगाची अपेक्षा मुळात ठेवू नये. तुळशीचा चहा फिकट पिवळसर, गवती चहाचा त्याहून फिकट. चहा पावडरीच्या तांबूस रंगाला सरावलेला डोळा त्याला पांचट ठरवतो आणि हात आणखी पाला टाकतो. आधी वास घ्या, मग ठरवा.

कुणी सांभाळून

दिवसाला दोन कप ही बहुतेकांसाठी ठीक मर्यादा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर तुळस रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. अंबाडी रक्तदाब थोडा उतरवते. रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर ती रोज घेऊ नये. गरोदरपणी अंबाडी टाळावी आणि बाकीचंही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. छातीत जळजळ होणाऱ्यांना पुदिना आराम देईल असं वाटतं, प्रत्यक्षात बऱ्याचदा जळजळ वाढते. लोहाची गोळी आणि कुठलाही तुरट चहा यांत दोन तासांचं अंतर ठेवावं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीही नाही.

अडुळसा, गुळवेल, सोनामुखी ही औषधं आहेत, चहा नव्हे. सोनामुखीने जुलाब होतात, म्हणूनच ती वजन उतरवणाऱ्या चहांत घालतात. गुळवेलीने काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. वैद्य सांगेल तेवढी, सांगेल तितके दिवस. ज्या पाल्याचं नाव खात्रीने माहीत नाही तो कुणी कितीही गुणकारी सांगितला तरी बरणीत जाऊ नये.

पावसाळा आणि उरलेलं

आषाढ-श्रावणात वाळवायच्या फंदात पडू नये. पाला पाच-सहा दिवस मऊ राहतो आणि काळा पडतो. त्या दिवसांत ताजाच वापरावा, तिप्पट. अगदीच वाळवायचं असेल तर बंद खोलीत खाटेखाली टेबलफॅन लावून, थर नेहमीच्या निम्मा ठेवून. ओव्हनचं सर्वांत कमी तापमानही बहुधा ५० अंशांच्या पुढे असतं. लावायचाच तर दार बोटभर उघडं ठेवून, अर्ध्या-अर्ध्या तासाने बघत. मायक्रोवेव्हमध्ये पान बाहेरून हिरवंगार राहतं, पण आतलं तेल वाफेबरोबर निघून जातं.

केलेला चहा उन्हाळ्यात बाहेर तीन-चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये, फ्रिजमध्ये एक दिवस. थर्मासमध्ये न्यायचा तर गाळून भरा. पाला आत राहिला तर शेतावर पोचेपर्यंत काढा होतो. गवती चहाचे गाळलेले तुकडे लगेच दुसऱ्यांदा वापरता येतात, पाणी निम्मं आणि वेळ दुप्पट. बाकीचा चोथा कुंडीत जाऊ द्या, पण पातळ पसरून. ढीग घातला तर त्यावर चिलटं धरतात.